दहा फूट रुंद व्हायोलिन: स्पीकर ऐकणाऱ्यांच्या साक्षीचा इतिहास

आजचा विषय आहे घरातले मोठे स्पीकर. जमिनीवर उभे राहणारे, ज्यांना आपल्याकडे दुकानात सरळ ‘टॉवर’ म्हणतात. त्यांचं तंत्र मी लागेल तेवढंच सांगणार आहे. मला मुख्यतः बोलायचंय ते त्यांच्या मालकांबद्दल, म्हणजे ऐकणाऱ्यांबद्दल. स्पीकर घरी आल्यावर माणसं त्याच्याविषयी काय बोलली, ते बोलणं कोणी गोळा केलं, त्याचा धंदा कोणी केला, आणि त्यातलं एक वाक्य थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसं गेलं, हे आज बघूया.

हा विषय इतिहासाचा का? कारण बघा, फ्रीज घेताना आपण लिटर विचारतो. मोटार घेताना मायलेज विचारतो. पण स्पीकर घेणारा माणूस कागदावरचे आकडे वाचतो आणि शेवटी ज्याच्या घरी तो स्पीकर आहे त्याला विचारतो, ‘कसा वाटतो हो?’ दीड-दोन लाखांचा निर्णय या एका ‘वाटतो’वर होतो. तेव्हा ही साक्ष नेमकी कशाची असते? पेटीची, की साक्ष देणाऱ्याची? हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे, आणि त्याची उत्तरं वेळोवेळी बदलत गेली आहेत.

१९२१: वीस हजार घरांना विचारलेला प्रश्न

सुरुवात स्पीकरच्याही आधीपासून करायला हवी. १९०६ साली अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने ग्रामोफोनचा कर्णा लाकडी कपाटात लपवला आणि ‘व्हिक्ट्रोला’ बाजारात आणला. तोवर यंत्र टेबलावर बसायचं आणि त्याचा कर्णा खोलीत पसरायचा. आता ते दिवाणखान्यात जमिनीवर उभं राहिलं, बाकीच्या फर्निचरसारखं. आपल्याकडे पुढे जे रेडिओग्राम आले, लाकडी कपाटासारखे, वर कव्हर उघडलं की आत तबकडी, ते याच घराण्यातले.

एडिसनही या स्पर्धेत होता. त्याच्या कंपनीने १९१५ ते १९२५ या काळात गावोगावी जाहीर प्रयोग केले. त्यांना ‘टोन टेस्ट’ म्हणत. रंगमंचावर गायिका उभी, शेजारी फोनोग्राफ. गाणं सुरू होई, मध्येच दिवे जात, आणि दिवे आले की गायिका तिथे नसे. गाणं मात्र चालूच! लोकांना कळलंच नाही की माणूस कधी थांबला आणि यंत्र कधी सुरू झालं, अशा बातम्या छापून येत. आज ती रेकॉर्ड ऐकली तर आपल्याला हसू येईल. खरखर आहे, खालचे स्वर जवळजवळ नाहीतच. मग ते लोक खोटं बोलत होते का? तसं वाटत नाही. एक तर गायिका आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत. दुसरं म्हणजे त्या श्रोत्यांकडे तुलनेला याहून चांगलं यंत्र नव्हतं. कान ज्याला सरावलेला असतो, त्याच्या मापानेच तो मोजतो.

पण माझ्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट १९२१ची आहे. त्या वर्षी एडिसनच्या कंपनीने सुमारे वीस हजार फोनोग्राफ-मालकांना प्रश्नावली पाठवली. तुमची आवडती गाणी कोणती, आणि का, असं विचारलं. त्यातली अडीच हजारांहून जास्त उत्तरं आजही मिशिगन विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. मालकांच्या अभिप्रायाचा एवढा जुना साठा क्वचितच सापडेल. त्यात लोक काय लिहितात? आईची आठवण. गेलेल्या माणसाची आठवण. सोडून आलेल्या देशाची आठवण. उत्तरं देणाऱ्यांत बायकांचा वाटा मोठा होता, आणि हे ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे. कंपनीने त्याच सुमारास ‘मूड’चे तक्तेही छापले. रेकॉर्ड ऐकण्याआधी मन कसं होतं आणि ऐकल्यावर कसं झालं, ते भरून पाठवायचं.

म्हणजे पहिल्या पिढीतले मालक यंत्राबद्दल फारसं बोलतच नव्हते. ते माणसांबद्दल बोलत होते. ‘खर्ज कसा आहे’ हा प्रश्न अजून जन्मायचा होता.

पेटी मोठी का झाली

तो जन्मला १९२५ नंतर. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी त्या वर्षी विजेवर चालणाऱ्या नव्या स्पीकरचा शोधनिबंध सादर केला. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला तारेचं वेटोळं, ते चुंबकाच्या फटीत. वेटोळ्यातून वीज गेली की शंकू पुढेमागे हलतो. आज तुमच्या खिशातल्या फोनपासून सभागृहापर्यंत बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात.

आता इथे एक अडचण येते आणि टॉवरची सगळी कथा तिच्यातून निघते. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उघड्यावर ठेवला तर खालच्या स्वरांत मागचा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्याला खाऊन टाकतो. म्हणून पेटी. आणि खोल खर्ज हवा तर मोठी पेटी. ४० हर्ट्झच्या स्वराची लहर साडेआठ मीटरची असते. एवढ्या मोठ्या लाटा हलवायच्या तर बरीच हवा लागते.

अभियंत्यांत एक नियम सांगतात, तो जोसेफ हॉफमनच्या नावाने ओळखला जातो. लहान पेटी, खोल खर्ज, आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते. त्या काळचे अँप्लिफायर दहा-वीस वॅटचे. मग सोडायचं काय? लहानपण. पेट्या अवाढव्य झाल्या.

त्यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे पॉल क्लिप्शची ‘क्लिप्शहॉर्न’. १९४६ साली अर्कान्सास राज्यातल्या होप या गावी त्याने कंपनी काढली. हा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावा लागे, कारण त्याचा कर्णा पेटीत संपत नव्हता; कोपऱ्याच्या दोन भिंती आणि जमीन मिळून तो पुरा होई. म्हणजे तुमचं घरच त्या वाद्याचा भाग! ही कल्पना लक्षात ठेवा. क्लिप्शने जे मुद्दाम केलं ते खरं म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या बाबतीत नकळत घडतच असतं. त्याकडे आपण शेवटी येऊ.

छोटी पेटी आणि वाजवण्याचा अभिनय

१९५४ साली एडगर व्हिलचर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी सुरू केली. व्हिलचरने पेटी पूर्ण बंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरलं. शंकू सैल, हवा त्याला सावरणार. पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज निघाला. अर्थात हॉफमनचा नियम सुटला नाही. त्याला वीज जास्त लागे. पण तोवर अँप्लिफायर तगडे होत चालले होते.

या कंपनीने ग्राहकाची खात्री कशी पटवली? एडिसनचाच डाव, पण जास्त प्रामाणिकपणे. फाइन आर्ट्स क्वार्टेट ही चार वादकांची नामांकित चौकडी रंगमंचावर वाजवू लागे. मग मध्येच ते वादक नुसता वाजवण्याचा अभिनय करत आणि त्यांच्यामागचे एआर-३ स्पीकर वाजत. जागा ओळखून दाखवा, असं श्रोत्यांना आव्हान. ध्वनिमुद्रण करताना एक काळजी घेतलेली असे: त्यात दुसऱ्या कुठल्याही सभागृहाचा घुमार येऊ द्यायचा नाही. जो घुमार असेल तो ज्या सभागृहात कार्यक्रम चाललाय त्याचाच. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात तर त्यांनी एक खोली उघडली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बसावं, ऐकावं, उठून जावं. तिथे काहीही विकत मिळत नसे.

या काळात मालकांची भाषा पार बदललेली दिसते. १९२१ची ‘आईची आठवण’ मागे पडली. आता ‘बेस’, ‘ट्रेबल’, विकृतीची टक्केवारी. आणि बोलणारेही बदलले. फोनोग्राफ दिवाणखान्यातल्या बायकांचा होता. हाय-फाय हा पुरुषांचा छंद झाला. जाहिराती त्यांच्यासाठी, मासिकं त्यांच्यासाठी. घरातल्या बाईचं मत उरलं ते एवढ्याच बाबतीत, की ही पेटी खोलीत शोभते का. १९८०च्या दशकात याला अमेरिकी ऑडिओ मासिकातून चक्क नाव मिळालं, ‘बायकोच्या पसंतीचा निकष’. विनोद म्हणून ठीक. पण इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला त्यात एक हानी दिसते. एकाच खोलीत, तेच संगीत ऐकणाऱ्या निम्म्या माणसांच्या कानांची साक्ष त्यानंतरच्या कागदपत्रांत जवळजवळ नाहीच. आहे ती फक्त त्यांच्या डोळ्यांची.

‘खोलीभर’ की ‘भिंतीलगत’?

१९५८ साली स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. एकाऐवजी दोन स्पीकर. आणि ऐकणाऱ्याच्या बोलण्यात तिसरी गोष्ट आली, ती म्हणजे जागा. व्हायोलिन डावीकडे, गायक मधोमध, तबला जरा मागे. दोन पेट्यांच्या मध्ये जिथे काहीच नाही, तिथून आवाज येतोय असं वाटू लागलं. क्रम बघा: आधी ‘कोण’, मग ‘काय’, आता ‘कुठे’.

या ‘कुठे’वरूनच खटला उभा राहिला.

अमर बोस हे नाव आपल्याला माहीत आहे. जन्म १९२९, फिलाडेल्फियात. वडील नोनी गोपाल बोस बंगालमधले क्रांतिकारक, ब्रिटिशांच्या हातातून निसटून अमेरिकेला पोचलेले. अमर बोस लहानपणी व्हायोलिन शिकला, एमआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकला. १९५६ साली त्याने घरासाठी एक संच विकत घेतला, कागदावरचे आकडे बघून. आकडे उत्तम होते. वाजवला, आणि व्हायोलिन व्हायोलिनसारखं वाटेना. म्हणजे त्याच्या पुढच्या सगळ्या उद्योगाची सुरुवात एका नाराज मालकाच्या अभिप्रायातून झाली.

त्याचं निदान असं, की सभागृहात आपल्यापर्यंत येणारा बहुतेक आवाज भिंतींवरून परावर्तित होऊन येतो, आणि घरचा स्पीकर मात्र सगळा आवाज तोंडावर फेकतो. १९६८ साली त्याने ‘९०१’ नावाचा स्पीकर आणला. त्यात नऊ शंकू. एक श्रोत्याकडे, बाकीचे आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून. स्टँडवर उभा करायचा, भिंतीपासून थोडा पुढे. लोक चकित झाले. आवाज पेटीतून येतोय असं वाटेचना, सगळी भिंतच वाजतेय असं वाटे.

१९७० सालच्या मे महिन्यात ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने त्याची चाचणी छापली. मासिकाचा आशय असा होता, की एकेकटी वाद्यं अवाढव्य वाटतात आणि खोलीभर भटकतात. व्हायोलिन दहा फूट रुंद, पियानो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वाद्यवृंद ऐकताना हे फारसं जाणवत नाही, पण एकटा वादक ऐकताना त्रासदायक होऊ शकेल. आणि पुढे सल्ला: हा संच इतका वेगळा आहे की घेणाऱ्याने स्वतः ऐकावं, आणि नवलाई ओसरल्यावरही आवडेल याची खात्री झाल्याशिवाय पैसे घालू नयेत.

कंपनीने दुरुस्ती छापा म्हटलं. मासिकाने नकार दिला. कंपनी न्यायालयात गेली.

अनेक विधानांवर आक्षेप होते. बहुतेक टिकले नाहीत. टिकला तो एका शब्दप्रयोगावरचा: ‘खोलीभर’. चाचणी घेणाऱ्या इंजिनिअरने साक्षीत सांगितलं, की वाद्यं भिंतीलगत, दोन स्पीकरच्या मध्ये सरकताना वाटली, असं मला म्हणायचं होतं. न्यायाधीश म्हणाले, ‘खोलीभर’चा अर्थ सामान्य वाचक असा घेणार नाही, आणि हा साक्षीदार इतका हुशार आहे की त्याला हे कळलं असणारच. म्हणजे विधान खोटं, आणि ते खोटं हे माहीत असून केलेलं. १९८१ साली मासिकाला एक लाख पंधरा हजार डॉलरच्या वर नुकसानभरपाई द्यायचा आदेश झाला.

आता विचार करा. काय पणाला लागलं होतं? एक शब्द. ‘खोलीभर’ की ‘भिंतीलगत’. पण हा निकाल टिकला असता तर कानाला जे वाटलं ते लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपली उपमा वकिलाकडून तपासून घ्यावी लागली असती.

वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला, आणि ३० एप्रिल १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फिरवलेला निकाल कायम केला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जी गोष्ट शब्दांत पकडायलाच कठीण आहे, तिचं वर्णन करताना शब्दांची निवड सदोष होऊ शकते. तेवढ्यावरून माणूस जाणूनबुजून खोटं बोलला असं ठरत नाही. शिवाय अशा खटल्यात वरच्या न्यायालयांनी पुरावा स्वतः तपासला पाहिजे, खालच्या न्यायालयाच्या निष्कर्षावर विसंबून चालणार नाही, हा त्या निकालाचा कायद्यातला गाभा. आजही अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अभ्यासतात, आणि त्याच्या मुळाशी आहे एक व्हायोलिन, जे कुणाला तरी दहा फूट रुंद वाटलं होतं.

आता माझा मुद्दा. त्या चाचणीत ऐकणारे खरं सांगत होते का? माझं उत्तर, होय. आणि ज्या हजारो मालकांना तोच ‘९०१’ जिवापाड आवडला, तेही खरंच सांगत होते. आठ शंकू भिंतीकडे तोंड करून आहेत म्हटल्यावर प्रत्येक घरात वेगळी भिंत वाजणार. कुणाची विटांची, कुणाची लाकडी, कुणाची पडद्याने झाकलेली. दोघंही ‘९०१’बद्दल बोलतोय असं समजत होते. बोलत होते आपापल्या खोलीतल्या ‘९०१’बद्दल.

डोळे उघडे, डोळे मिटलेले

खोलीइतकाच दुसरा साक्षीदार म्हणजे डोळा. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने कित्येक वर्षं स्पीकर पडद्याआड ठेवून चाचण्या घेतल्या. पुढे तो हार्मन कंपनीत गेला, आणि १९९४ साली शॉन ऑलिव्हबरोबर त्याने एक प्रयोग मांडला. चाळीस श्रोते, चार स्पीकर. एकदा पडद्याआडून, एकदा समोर दिसत असताना. श्रोते कंपनीतलेच कर्मचारी.

पडदा असताना लहान, स्वस्त, प्लास्टिकच्या संचाने बऱ्यापैकी गुण मिळवले. पडदा सरकला आणि त्याचे गुण घसरले. मोठ्या, देखण्या पेट्यांचे वाढले. याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. पडद्याआड असताना स्पीकरची जागा बदलली की श्रोत्यांना फरक कळत होता. स्पीकर दिसू लागल्यावर तोच फरक फारसा कळेनासा झाला. म्हणजे डोळ्याने नुसतं मत बदललं नाही, कानाची धारही बोथट केली.

टॉवरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. माणसाच्या छातीपर्यंत येणारी, चकचकीत लाकडाची पेटी समोर उभी असते, तिच्या किमतीचा आकडा डोक्यात असतो, चार जणांनी मिळून ती तिसऱ्या मजल्यावर चढवलेली असते. ती चांगली वाजणारच, असं मन आधी ठरवून बसतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्या चाळीस जणांचा तर हा रोजचा धंदा होता.

खोली नावाचा तिसरा

क्लिप्शच्या कोपऱ्याकडे परत येतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समांतर भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लहर बरोबर मावते, तो स्वर खोली स्वतःहून फुगवते. पुण्या-मुंबईतली नेहमीची खोली घ्या, दहा बाय बारा, छत नऊ फुटांवर. बारा फुटांचा हिशेब येतो सुमारे ४७ हर्ट्झ. दहा फुटांचा ५६. छताचा ६२-६३. लांबी-रुंदी मिळून तिरकस हिशेब केला तर ७३च्या आसपास आणखी एक.

आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज, तो सुमारे ६९ हर्ट्झचा. म्हणजे नेमका या खोलीच्या फुगवट्यांच्या वस्तीत. एका जागी बसाल तर खर्ज घुमेल, दोन फूट सरकलात तर गायब होईल. मालक म्हणेल, ‘काय भरदार तानपुरा वाजतोय!’ शेजारी म्हणेल, ‘जवारीच ऐकू येत नाही, नुसता घूं-घूं.’ दोघं एकाच सोफ्यावर बसलेले असतील. ज्यांनी मिरजेच्या कारागिराला तारेखाली दोरा सरकवून जवारी काढताना पाहिलंय, त्यांना कळेल की केसाएवढ्या फरकाने नाद कसा उघडतो किंवा मिटतो. खोलीत तो दोरा म्हणजे तुमची खुर्ची.

टॉवर या खोलीत जास्त अडचण करतो, कारण तो खाली उतरू शकतो. छोटी पेटी साठ-सत्तरच्या खाली फारसं बोलतच नाही, त्यामुळे खोलीची ती खोड झाकलेली राहते. चांगल्या मोठ्या पेटीने आवाज ‘बिघडला’ असं ज्या मालकांना वाटतं, त्यांतल्या पुष्कळांच्या बाबतीत पेटीने फक्त खोलीचं गुपित फोडलेलं असतं.

मग मालकाची साक्ष टाकून द्यायची का? मुळीच नाही. इतिहासात आपण कुठलीही साक्ष टाकून देत नाही. बखर वाचताना आपण विचारतो, लिहिणारा कोण, कोणाच्या पदरी, घटनेनंतर किती वर्षांनी लिहितोय. इथेही तेच विचारा. खोली केवढी? स्पीकर भिंतीपासून किती लांब? आधी काय वाजत होतं घरात, म्हणजे कान कशाला सरावलेला? घेऊन आठ दिवस झाले की आठ वर्षं? एकटाच ऐकतो की घरातले सगळे? आणि कोणतं संगीत? ‘अप्रतिम’ या शब्दाला काही किंमत नाही. ‘बारा फुटांची खोली, भिंतीपासून दीड फूट, खर्ज घुमत होता, पुढे ओढल्यावर बरा झाला’ या वाक्याला मोठी किंमत आहे.

१९२१च्या त्या उत्तरांकडे मी पुन्हा पुन्हा जातो, त्याचं कारण हेच. त्या लोकांनी यंत्राबद्दल जवळजवळ काही सांगितलं नाही, तरी कोण ऐकतंय, कुठे आणि कशासाठी, हे मोकळेपणाने लिहिलं. पुढच्या पिढ्यांनी यंत्राबद्दल पुष्कळ लिहिलं आणि नेमकी हीच माहिती गाळली. साक्षीचा उपयोग व्हायला दोन्ही लागतात.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, मग सरळ मोजमाप पाहून घ्यावा ना? ऐकण्याची भानगडच नको.

उत्तर: चांगला प्रश्न. टूलच्याच कामातून असं दिसलं की पडद्याआडून ऐकणाऱ्यांची पसंती आणि नीट केलेली मोजमापं यांचा चांगला मेळ बसतो. समोरचा आवाज सपाट, बाजूंना जाणारा आवाज एकसारखा कमी होत जाणारा, असे स्पीकर लोकांना आवडतात. म्हणजे मोजमाप विश्वासार्ह आहे. पण १९५६ साली अमर बोसने जे आकडे वाचले ते अपुरे होते, हेही विसरू नका. नाराज कानाने तक्रार केली म्हणून तर काय मोजायचं ते पुढे कळलं. आकड्याने कानाला आणि कानाने आकड्याला तपासायचं असतं.

प्रश्न: आमची खोली दहा बाय बाराचीच आहे. ह्यांना टॉवर घ्यायचेत, मला वाटतं उगीच जागा जाईल. तुम्ही काय सांगाल?

उत्तर: ताई, तुमच्या घरच्या तहात मी पडत नाही! पण एक करून बघा. एक जोडी दोन दिवसांसाठी घरी आणून ऐकता येते का ते विचारा. तुमच्या रोजच्या जागी बसून तुमच्या ओळखीचं गाणं लावा. ऐकताना एकदा ह्यांनी डोळे मिटून बसावं आणि पेट्या तुम्ही हलवाव्यात, एकदा उलट. मग दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं आणि नंतरच एकमेकांना दाखवायचं. जागेचा प्रश्न खराच आहे, तो सोडू नका. फक्त एक विनंती, तुमच्या कागदावर पेटी शोभते का एवढंच लिहू नका. कसं ऐकू आलं तेही लिहा.